सर्व्हर बंद असतानाचे काम : मॅनेजमेंट प्रोसेसर, त्याची स्टँडबाय आणि यंत्राची सुरुवात

सर्व्हरची केबल प्लगमध्ये बसली की, पॉवरचे बटण कोणी दाबण्याआधीच, मदरबोर्डवरचा एक छोटा संगणक चालू होतो. हा मुख्य प्रोसेसर नव्हे. त्याची मेमरी वेगळी, फ्लॅश वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी आणि बहुधा नेटवर्क पोर्टही वेगळे. मुख्य प्रोसेसर, रॅम, डिस्क हे सारे निपचित असताना तो खोलीचे तापमान वाचतो, वीजपुरवठा तपासतो, घटना नोंदवतो आणि दुरून येणाऱ्या हुकमाची वाट पाहतो. त्याला मॅनेजमेंट प्रोसेसर म्हणतात. उद्योगात त्याचे रूढ नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. डेलच्या यंत्रात तोच आयड्रॅक होतो, एचपीईच्या यंत्रात आयएलओ, लेनोव्होच्या यंत्रात एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. ओरॅकलकडे त्याला सर्व्हिस प्रोसेसर म्हणतात आणि त्यावर चालणाऱ्या प्रणालीला आयलॉम. नावे चार, काम एकच.

हिंगोली जिल्ह्यात हा विषय आता पुस्तकापुरता राहिलेला नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा ठरली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मंजुरी दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजांमधून धावणारा लेझर हे या यंत्राचे दृश्य रूप. पण त्याचे आरसे जागच्या जागी धरून ठेवणे आणि येणारा संकेत नोंदवणे हे काम संगणकांचे आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो यंत्रांचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदवला जातो. प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी आयुका पुण्यात आहे आणि पुण्याहून औंढ्याचा रस्ता चारशे किलोमीटरहून लांब आहे. मध्यरात्री एखादा सर्व्हर अडकला तर बटण दाबायला पुण्याहून माणूस निघून चालणार नाही. ते बटण दुरून दाबता येण्याची सोय मॅनेजमेंट प्रोसेसरमध्ये आहे, आणि ती मुळात त्याच्या वीजजोडणीच्या रचनेतून येते.

सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून दोन वेगळे पुरवठे निघतात. एक मुख्य १२ व्होल्टचा. तो प्रोसेसर, रॅम, डिस्क, पंखे यांना पोसतो आणि बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. दुसरा स्टँडबाय पुरवठा, सर्व्हरमध्ये बहुधा १२ व्होल्टचाच, पण थोड्याच वॅटचा. प्लगमध्ये वीज आहे तोवर तो अखंड चालू असतो. बोर्डावर त्याच्यापासून ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि त्याहून लहान दाब तयार होतात आणि मॅनेजमेंट प्रोसेसर त्यांवर जगतो. विजेच्या उपकेंद्रातही हीच सावधगिरी असते. तिथले संरक्षक रिले आणि ब्रेकर उघडणारी यंत्रणा ११० व्होल्टच्या स्वतंत्र बॅटरीवर चालते, कारण ज्या वाहिनीत बिघाड झाला तिच्याच विजेवर तो बिघाड तोडणारे यंत्र अवलंबून ठेवता येत नाही. सर्व्हरमध्येही ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्या पुरवठ्यावर नजर ठेवणारा अवलंबून नसतो. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

म्हणूनच ‘बंद’ या शब्दाला सर्व्हरच्या बाबतीत दोन पायऱ्या आहेत. केबल काढलेली, कुठेही वीज नाही, ही यांत्रिक बंद अवस्था. तिला जी-३ म्हणतात. केबल लागलेली आहे, स्टँडबाय पुरवठा आहे, पण मुख्य पुरवठा नाही, ही एस-५, म्हणजे सॉफ्ट-ऑफ. यंत्र पूर्ण चालते ती एस-०. ऑपरेटिंग सिस्टिममधून शटडाउन केलेला सर्व्हर जी-३ मध्ये कधीच जात नाही, तो एस-५ मध्ये थांबतो. या अवस्थेतही मॅनेजमेंट प्रोसेसर, त्याची मेमरी आणि नेटवर्क कार्डाचा जागा भाग मिळून दहा-वीस वॅट सहज खातात. एका यंत्राला ही वीज नगण्य वाटते, शेकडो यंत्रांच्या दालनात मात्र बंद सर्व्हरांचाही वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

ही चिप फार ताकदवान नसते आणि तशी असण्याची गरजही नाही. जगातील बऱ्याच सर्व्हरांत तैवानमधील सिंचू येथील अ‍ॅस्पीड या २००४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या चिपा दिसतात. एएसटी-२४०० मध्ये एआरएम-९२६ गाभा ४०० मेगाहर्ट्‌झवर चालतो, एएसटी-२५०० मध्ये एआरएम-११७६ गाभा ८०० मेगाहर्ट्‌झवर, तर एएसटी-२६०० मध्ये कॉर्टेक्स-ए७ चे दोन गाभे १.२ गिगाहर्ट्‌झवर. आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही हे कमी. पण या चिपेतून बाहेर पडणारे मार्ग पाहिले की तिचे महत्त्व कळते. तापमापकांसाठी आय-स्क्वेअर-सीच्या डझनभर वाहिन्या, पंख्यांचा वेग ठरवणारे आणि मोजणारे पाय, व्होल्टेज मोजणारे कन्व्हर्टर, मुख्य प्रोसेसरशी बोलणारी बस, नेटवर्कची दारे आणि पडद्यावर चित्र काढणारे छोटे ग्राफिक्स. बहुतेक सर्व्हरांच्या मागच्या व्हीजीए पोर्टवर दिसणारे चित्र याच चिपेतून येते.

केबल लागल्यावर प्रथम स्टँडबाय दाब स्थिर होतात, मग मॅनेजमेंट प्रोसेसरचा रीसेट सुटतो आणि तो आपल्या फ्लॅश चिपेतून पहिली आज्ञा उचलतो. ही फ्लॅश बहुधा ३२ किंवा ६४ मेगाबाइटची असते. आधी बूटलोडर चालतो, पुष्कळदा यू-बूट. तो मेमरी तयार करतो, फर्मवेअरची प्रत शाबूत आहे का ते पाहतो आणि लिनक्सचा गाभा मेमरीत आणतो. मग एकेक सेवा उभी राहते : सेन्सर वाचणारी, नोंदी ठेवणारी, पंखे चालवणारी, नेटवर्कची, वेबपानाची. या सगळ्याला साधारण एक ते तीन मिनिटे लागतात. एवढा वेळ समोरच्या बटणाचा दिवा अनेक यंत्रांत लुकलुकत राहतो आणि काही यंत्रांत बटण दाबूनही काहीच घडत नाही. नवखा माणूस इथे घाबरतो, पुन्हापुन्हा बटण दाबतो, केबल काढून परत लावतो आणि प्रत्येक वेळी ती दोन मिनिटे शून्यापासून सुरू करतो. केबल लावून हात मागे घ्यावा आणि दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे, हे शिकवायला सोपे आहे. तरीही ते पुरेसे शिकवले जात नाही.

फर्मवेअर बिघडले तर काय, याची तजवीज चिपेतच आहे. बऱ्याच बोर्डांवर फ्लॅशच्या दोन चिपा असतात, दुसरीत जुनी पण चालणारी प्रत. सुरुवातीला एक टाइमर मोजू लागतो आणि ठरलेल्या वेळात फर्मवेअरने तो थांबवला नाही तर प्रोसेसर आपणहून दुसऱ्या चिपेवरून उठतो. फर्मवेअर अद्ययावत करत असताना मध्येच लाइट गेली, तरी यंत्र कायमचे मुके होऊ नये म्हणून ही सोय आहे. एकच फ्लॅश असलेल्या स्वस्त बोर्डावर मात्र अशा वेळी चिप काढून वेगळ्या प्रोग्रामरने लिहावी लागते.

उठल्यावर मॅनेजमेंट प्रोसेसर आधी आपण कोणत्या यंत्रात आहोत ते वाचतो. बोर्ड, चासी, पॉवर सप्लाय यांच्यावर लहान ईप्रॉम असतात. त्यांत उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. या माहितीला एफआरयू म्हणतात. मग तो सेन्सरांची यादी चालवतो. प्रत्येक सेन्सरला खालच्या आणि वरच्या मर्यादा दिलेल्या असतात : इशाऱ्याची, गंभीर, आणि त्यापलीकडे सावरता न येणारी. वाचन मर्यादा ओलांडते तेव्हा एक नोंद होते, परत आत येते तेव्हा दुसरी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि एसी बंद पडलेल्या खोलीत आत येणाऱ्या हवेचा सेन्सर सर्वांत आधी बोलतो. अशा खोल्यांसाठी आत येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस ठेवण्याची शिफारस आहे. सर्व्हर बंद असतानाही हा सेन्सर चालू असतो, म्हणून खोलीचे तापमान कळायला एकही यंत्र सुरू करावे लागत नाही.

स्टँडबायमध्ये सगळेच सेन्सर वाचता येत नाहीत, आणि इथे गोंधळ नेहमी होतो. मुख्य प्रोसेसरचे तापमान, रॅमच्या पट्ट्यांचे तापमान, पंख्यांचा वेग, मुख्य पुरवठ्याचे दाब ही सारी वाचने मुख्य वीज असेल तरच मिळतात. सर्व्हर एस-५ मध्ये असताना त्यांच्यासमोर ‘लागू नाही’ असा शेरा येतो. तो बिघाड नव्हे. उलट आत येणाऱ्या हवेचे तापमान, स्टँडबायचे दाब, दोन्ही पॉवर सप्लायना वीज आहे की नाही आणि झाकण उघडले गेले का, एवढे वाचन या अवस्थेत मिळायलाच हवे. ते मिळाले नाही तर चिंता करावी. निरीक्षणाची संगणकप्रणाली बसवताना ही दोन टोपली वेगळी ठेवली नाहीत, तर बंद ठेवलेल्या प्रत्येक यंत्रासाठी रात्रभर खोटे इशारे येत राहतात आणि खरा इशारा त्यांत बुडतो.

दुरून संपर्क दोन वाटांनी होतो. एक, मॅनेजमेंटचे स्वतंत्र पोर्ट. त्याची केबल थेट या चिपेपर्यंत जाते. दुसरी, मुख्य नेटवर्क कार्डाचेच पोर्ट, ज्यात एनसी-एसआय नावाची बाजूची वाहिनी मॅनेजमेंटचे संदेश वेगळे काढून या चिपेकडे वळवते. दुसऱ्या वाटेत केबल आणि स्विचचे एक पोर्ट वाचते, पण नेटवर्क कार्डाला स्टँडबायवर जागे राहावे लागते. कित्येक कार्डे तेव्हा कमी वेगावर उतरतात आणि सर्व्हर चालू-बंद होताना जोडणी काही क्षण तुटते. ज्या ठिकाणी माणूस पोचायला रात्रभराचा प्रवास लागतो तिथे स्वतंत्र पोर्टच घ्यावे. एका केबलची बचत तिथे महाग पडते.

या संपर्काची सामायिक भाषा इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये ठरवली. तिचे नाव आयपीएमआय. २००४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि नेटवर्कवरून सर्व्हरचा कन्सोल अक्षरांत पाहण्याची सोय तिने प्रमाणित केली. यूडीपीचे ६२३ क्रमांकाचे पोर्ट तिच्यासाठी राखीव आहे. २०१५ मध्ये डीएमटीएफ या संघटनेने रेडफिश हे नवे मानक आणले. ते वेबच्या सुरक्षित जोडणीवर आणि वाचता येण्याजोग्या मजकुरात चालते. फर्मवेअर खुले असावे या हेतूने सुरू झालेला ओपनबीएमसी प्रकल्प मार्च २०१८ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे आला. महाराष्ट्राला या घडामोडी परक्या नाहीत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. सी-डॅकनेच आखलेल्या रुद्र सर्व्हरांवर उभे असलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्यांतला एक पुण्यात आहे, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी. स्वतः बोर्ड आखणाऱ्याला प्रोसेसर कुठून आणायचा एवढेच ठरवून भागत नाही. स्टँडबायचे दाब, मॅनेजमेंट चिप आणि तिचे फर्मवेअर हेही त्यालाच ठरवावे लागते. देशी सर्व्हरची खरी कसोटी इथे आहे, कारण यंत्रावर अखेरचा ताबा याच चिपेचा असतो.

आता सुरू करण्याचा हुकूम. तो समोरच्या बटणातून येवो की पुण्यातल्या एखाद्या लॅपटॉपवरून, बोर्डावर तो एकाच रूपात पोचतो. मॅनेजमेंट प्रोसेसर बटणाची रेषा क्षणभर खाली ओढतो, म्हणजे विद्युतरूपाने बटण दाबतो. हीच रेषा सलग ४ सेकंद दाबून धरली तर उलटा अर्थ होतो : ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता वीज तोड. बटणाचा संकेत मिळाल्यावर चिपसेट झोपेचे संकेत एकामागून एक सोडतो आणि पॉवर सप्लायला मुख्य पुरवठा सुरू करण्याची आज्ञा जाते. काही शेकडो मिलीसेकंदांत १२ व्होल्ट स्थिर होतात आणि पॉवर सप्लाय ‘वीज ठीक’ असा संकेत परत देतो.

त्यानंतरचा क्रम काटेकोर असतो. रॅमचा दाब, चिपसेटचा दाब, प्रोसेसरच्या गाभ्याचा दाब, प्रत्येक आपल्या जागी आणि आधीचा ठीक झाल्यावरच पुढचा. ही राखण मॅनेजमेंट प्रोसेसर स्वतः करत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रणेला मायक्रोसेकंदाची हमी देता येत नाही. त्यासाठी बोर्डावर सीपीएलडी नावाची वेगळी तर्कचिप असते. तिला एखादा ‘ठीक’ संकेत वेळेत मिळाला नाही, तर ती सर्व पुरवठे तोडते आणि कोणत्या पायरीवर अडले तो क्रमांक धरून ठेवते. मॅनेजमेंट प्रोसेसर तो क्रमांक वाचून नोंद करतो. सर्व्हर उठतच नाही अशा तक्रारीत ही एक ओळ दिवसभराची शोधाशोध वाचवते, कारण दोष रॅमकडे आहे की प्रोसेसरच्या पुरवठ्याकडे हे ती सांगते. सगळे दाब ठीक झाले की रीसेट सुटतो आणि मुख्य प्रोसेसर बायोसच्या फ्लॅशमधून पहिली आज्ञा उचलतो.

याच क्षणी खोलीत मोठा घोंघाट होतो. पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. हे मुद्दाम केलेले असते : तापमानांची विश्वासार्ह वाचने येईपर्यंत सुरक्षित वेग म्हणजे कमाल वेग. मॅनेजमेंट प्रोसेसरला मुख्य प्रोसेसरचे तापमान पेसी नावाच्या एका तारेच्या वाहिनीवरून मिळू लागले की तो वेग उतरवतो. पंखा एका फेरीत सहसा दोन स्पंद परत पाठवतो. त्यावरून खरा वेग मोजला जातो आणि मागितलेल्या वेगाशी ताडला जातो. एखादा पंखा अडला तर बाकीचे वर जातात. मॅनेजमेंट प्रोसेसर स्वतःच अडकला तर सुरक्षिततेसाठी पंखे पुन्हा पूर्ण वेगाने जातात, म्हणून अकारण कर्कश झालेला सर्व्हर दिसला की आधी तिकडे पाहावे. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत तर पंख्यांचे कंपन हाच एक शत्रू असतो. संवेदनशील उपकरणांजवळ फिरते यंत्र नको असते. विजेची वारंवारताही संकेतात उमटते, अमेरिकेत ६० हर्ट्‌झची रेघ म्हणून, भारतात ती ५० हर्ट्‌झवर असेल.

मुख्य प्रोसेसर जागा झाल्यावर बायोस आपल्या तपासण्या सुरू करतो. पुष्कळ रॅम असलेल्या सर्व्हरमध्ये रॅमची जुळणी व्हायलाच काही मिनिटे लागतात आणि पडदा काळा राहतो. या काळात बायोस पोर्ट ८० या पत्त्यावर प्रत्येक टप्प्याचा एक आकडा लिहीत जातो. मॅनेजमेंट प्रोसेसर ते आकडे ऐकून साठवतो, त्यामुळे पडदा काळा असूनही यंत्र पुढे सरकते आहे की एकाच आकड्यावर अडले आहे ते दुरूनही कळते. पुढे दोघांत थेट बोलणे सुरू होते. बायोस मॅनेजमेंट प्रोसेसरची ओळख विचारतो, रॅम आणि प्रोसेसरांची यादी त्याला देतो आणि आपल्या घड्याळातली वेळ कळवतो.

सुरुवातीच्या काळात आणखी एक राखण असते, वॉचडॉग टाइमर. बायोस मॅनेजमेंट प्रोसेसरमध्ये तो चालू करतो आणि काम संपले की थांबवतो. मध्येच बायोस गोठला तर टाइमर संपतो आणि मॅनेजमेंट प्रोसेसर ठरलेली कृती करतो : काहीच नाही, रीसेट, वीज बंद, किंवा वीज बंद करून पुन्हा चालू. आयपीएमआयमध्ये हा टाइमर १०० मिलीसेकंदांच्या पावलांनी मोजतो आणि कमाल ६,५५३.५ सेकंद, म्हणजे सुमारे १ तास ४९ मिनिटे चालू शकतो. ऑपरेटिंग सिस्टिम चढतानाही हाच टाइमर नव्याने लावता येतो. पण रॅम वाढवल्यावर तपासणीला लागणारा वेळ वाढतो हे विसरले गेले, तर धडधाकट यंत्र उठायच्या आतच रीसेट होते आणि हे चक्र थांबत नाही. मुदत ठरवताना सर्वांत संथ सुरुवात किती वेळ घेते ते मोजून त्यावर भरपूर मोकळीक ठेवावी.

हे सारे वीज नीट असताना. वीज जाते तेव्हा पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरांत सहसा दहा-वीस मिलीसेकंदांचा साठा असतो, ५० हर्ट्‌झच्या विजेचे जेमतेम एक आवर्तन. यूपीएसने तेवढ्यात भार उचलला तर सर्व्हरला काही कळतही नाही. नाही उचलला तर मुख्य पुरवठा आणि स्टँडबाय दोन्ही जातात, मॅनेजमेंट प्रोसेसरही मरतो आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून उठतो. उठल्यावर त्याला ठरवायचे असते की मुख्य यंत्र सुरू करायचे की नाही. त्यासाठी तीन धोरणे असतात : नेहमी बंद राहा, नेहमी सुरू हो, किंवा वीज गेली तेव्हा ज्या अवस्थेत होतास तिकडे परत जा.

तिसरे धोरण सर्वांत शहाणे वाटते आणि बहुतेक ठिकाणी तेच निवडलेले असते. जिथे लाइट तासन्‌तास जाते तिथे ते फसवे ठरते. यूपीएसची बॅटरी संपत आल्यावर प्रणाली सर्व्हरांना व्यवस्थित शटडाउन करते, मग बॅटरी संपते. म्हणजे वीज पूर्ण गेली त्या क्षणी सर्व्हरची अवस्था ‘बंद’ होती. पहाटे महावितरणचा पुरवठा आला की मॅनेजमेंट प्रोसेसर उठतो, मागची अवस्था पाहतो आणि आज्ञाधारकपणे मुख्य यंत्र बंदच ठेवतो. सकाळी दहाला कार्यालय उघडेपर्यंत सगळे शांत. अशा ठिकाणी ‘नेहमी सुरू हो’ हेच धोरण हवे. त्यातही एक फट उरते : शटडाउन झाले, पण बॅटरी पूर्ण संपायच्या आत लाइट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. स्टँडबाय अखंड होता, म्हणून धोरण लागूच होत नाही आणि यंत्र एस-५ मध्ये पडून राहते. याला उपाय दोन. शटडाउननंतर यूपीएसने आपला पुरवठा मुद्दाम काही सेकंद तोडून परत द्यावा, किंवा सर्वांत आधी उठणाऱ्या एका छोट्या यंत्राने बाकीच्यांच्या मॅनेजमेंट प्रोसेसरांना सुरू होण्याचा हुकूम द्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हर बसवणाऱ्याने या दोन्ही प्रसंगांची चाचणी केबल प्रत्यक्ष काढून घ्यावी. कागदावरच्या तपशिलावर विसंबू नये.

वीज परतल्यावर सगळे सर्व्हर एकदम उठणेही बरे नाही. पंखे पूर्ण वेगाने, सगळ्या डिस्का एकाच वेळी फिरायला लागलेल्या, त्यात एसी अजून सुरू व्हायचा असतो. जनरेटर किंवा नुकता भार घेतलेला यूपीएस अशा झटक्याने बसू शकतो. म्हणून अनेक मॅनेजमेंट प्रोसेसरांत सुरुवातीला काही सेकंदांचा ठरावीक किंवा यादृच्छिक विलंब देता येतो. क्रमही लावावा लागतो : आधी नेटवर्क स्विच, मग साठवणुकीची यंत्रे, मग गणना करणारी. स्विचला स्वतः उठायला काही मिनिटे लागतात. त्याआधी उठलेला मॅनेजमेंट प्रोसेसर नेटवर्कवर पत्ता मागतो, उत्तर मिळत नाही आणि काही फर्मवेअर पुरेसे प्रयत्न न करता गप्प बसतात. मॅनेजमेंटच्या पोर्टांना स्थिर पत्ते दिले की हा प्रश्न उरत नाही.

वीज जाऊन आल्यावर सर्वांत सहज बिघडते ते घड्याळ. मुख्य यंत्राचे घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चालू राहते, पण मॅनेजमेंट चिपेच्या घड्याळाला पुष्कळ बोर्डांवर असा सेल नसतो. ती उठते तेव्हा तिची वेळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत किंवा बायोसने ती सांगेपर्यंत होणाऱ्या नोंदींना खरी तारीख नसते. आयपीएमआयच्या घटनानोंदीत प्रत्येक नोंद १६ बाइटची असते, त्यांतले ४ बाइट वेळेचे. ५३,६८,७०,९१२ सेकंदांपर्यंतचे आकडे हे तारखेचे नसून ‘उठल्यापासून इतके सेकंद’ असे मानावेत, असा नियम आहे. यादीत अशा नोंदींपुढे ‘प्री-इनिट’ असा शेरा दिसतो. त्यांचा क्रम खरा असतो, वेळ नसते. ज्यांना वाटते की नोंदवही बिघडली आहे ते ती पुसून टाकतात, आणि वीज आल्याबरोबर पहिल्या मिनिटात पॉवर सप्लायने काय सांगितले ते कायमचे जाते. नोंदवहीची क्षमताही मर्यादित असते आणि पुष्कळ रचनांत ती भरली की नवी नोंद होत नाही. म्हणून ती वेळोवेळी दुसऱ्या यंत्रावर उतरवून मगच रिकामी करावी.

बंद यंत्रालाही जागे करू शकणारा हा प्रोसेसर चुकीच्या हाती गेला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. तो सर्व्हरला दुरून सीडी किंवा यूएसबी लावल्यासारखे दाखवू शकतो, पडदा पाहू शकतो, कळफलक चालवू शकतो. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमचा अँटिव्हायरस त्याच्यापर्यंत पोचत नाही. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीतील ओळख पटवण्याची पद्धत मुळातच सदोष आहे : नुसते वापरकर्त्याचे नाव ठाऊक असलेल्याला सर्व्हर पासवर्डचा हॅश देऊन बसतो, आणि तो घरी बसून फोडता येतो. हे २०१३ मध्ये जगजाहीर झाले. जानेवारी २०१९ मध्ये एएसटी-२४०० आणि एएसटी-२५०० चिपांत मुख्य यंत्राकडून मॅनेजमेंट चिपेची मेमरी वाचता-लिहिता येण्याचा दोष उघड झाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून प्रत्येक यंत्राला निराळा पासवर्ड देणे किंवा पहिल्या वापरापूर्वी तो बदलायला लावणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि खोक्यातून निघणाऱ्या सर्व्हरवर ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ची जागा चिकटपट्टीवर छापलेल्या वेगळ्या पासवर्डने घेतली. मॅनेजमेंटची पोर्टे इंटरनेटवर उघडी कधीही ठेवू नयेत, ती वेगळ्या व्हीलॅनमध्ये आणि व्हीपीएनच्या आत असावीत. आयपीएमआय लागत नसेल तर बंद करून रेडफिश वापरावे.

मॅनेजमेंट प्रोसेसर स्वतः अडकतो, तेव्हा त्याला एकट्याला रीसेट करता येते. मुख्य यंत्र चालूच राहते, त्यावरच्या गणनेला धक्का लागत नाही. फक्त पंखे काही काळ वर जातात आणि एक-दोन मिनिटे दुरून काही दिसत नाही. हुकूम ऑपरेटिंग सिस्टिममधूनही देता येतो, म्हणून नेटवर्क गप्प झाले तरी वाट उरते. तेही चालले नाही तर अखेरचा उपाय म्हणजे स्टँडबाय पुरवठाच तोडणे, आणि त्यासाठी मुख्य यंत्र आधी बंद करावे लागते.

स्टँडबाय तोडायचा तर दोन्ही पॉवर सप्लायच्या केबली काढाव्या लागतात. एकच काढली तर दुसरीवरून तो चालूच राहतो. केबली काढल्यावरही कपॅसिटरांतली वीज संपायला काही सेकंद जातात. बोर्डावर स्टँडबायचा एक छोटा दिवा असतो, तो पूर्ण विझेपर्यंत थांबावे. रॅमची पट्टी किंवा विस्तारकार्ड बदलायला झाकण उघडणाऱ्याने सर्व्हर शटडाउन झाला एवढ्यावर हात घालू नये. एस-५ मध्ये बोर्डावर वीज असते. तिने माणसाला इजा होणार नाही, पण अशा वेळी बसवलेले कार्ड किंवा निसटलेला स्क्रू मॅनेजमेंट चिप आणि नेटवर्क कार्ड जाळू शकतो. दिवा विझल्यावर काम करावे, केबली परत लावाव्यात आणि मॅनेजमेंट प्रोसेसर पुरता उठेपर्यंत दोन-तीन मिनिटे बटणाला हात लावू नये.